भौतिक क्रमांक

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना,
एप्रिलातली सव्वादोनची वेळ.
सर्व्हरच्या खोलीत एकच एसी, तोही धापा टाकणारा.
इराबत्तीसाहेब चपला बाहेर काढून आले,
आत देव्हारा असल्यासारखे.
"चिलवेरी मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर म्हणतंय चार प्रोसेसर.
लायसन्सवाले खोबणीमागे पैसे लावतात.
मी घेतलेत दोन. हे बिल."
बिल खरंच होतं, भोकं पाडून फायलीत लावलेलं,
कडेला चहाचं अर्धं वर्तुळ.

सॉफ्टवेअर माझंच.
सात रस्त्याजवळच्या आमच्या दीड खोलीच्या ऑफिसात
दोन उन्हाळे घालवून लिहिलेलं.
कुठल्या टेबलाखाली कुठलं यंत्र, किती मेमरी, किती डिस्क,
कुणाची बॅटरी फुगलीय,
सगळ्यांची शिरगणती. पतसंस्था, दोन शाळा, एक दवाखाना,
कुणी आजवर तक्रार केली नव्हती.
कुणी झाकण उघडून पाहिलंही नव्हतं.

पडद्यावर यादी सोडली.
प्रोसेसर शून्य, प्रोसेसर एक, असं करत एकतीसपर्यंत.
त्यातल्या निम्म्या नुसत्या सावल्या.
एकच गाभा दोन धागे चालवतो
आणि हजेरी दोनदा लावतो.
त्या मी गाळत होते, तेवढं मला येत होतं.
पण प्रत्येक नावाखाली एक बारीक ओळ असते,
भौतिक क्रमांक:
शून्य, शून्य, शून्य,
सोळा वेळा शून्य,
मग एकदम तीन.
तीन, तीन, तीन.
एक नाही, दोन नाही.
मी सर्वांत मोठा आकडा उचलला होता
आणि शून्यापासून मोजतात म्हणून
त्यात एक मिळवला होता.

यंत्र बंद केलं, स्क्रू काढले.
आत सुताची लव, राखाडी, बोटभर.
या गावात ती कुठंही पोचते.
फुंकर मारली तर साहेब चारदा शिंकले.
लवेखाली ॲल्युमिनियमच्या दोन जाड जाळ्या,
जाळ्यांखाली दोन खोबणी.
बोर्डावर तिसरीला जागाच नव्हती.
"रेंडु," साहेब म्हणाले, दोन बोटं दाखवून.
"रेंडु," मीही म्हणाले.
आमची मोजणी अजून तेलुगूतच होते, समोर वस्तू असली की.

नायनांच्या मागावर एकोणीस लिहिलं होतं,
पांढऱ्या ऑइलपेंटनं, नऊचं शेपूट ओघळलेलं.
शेडमध्ये तेव्हा अकराच माग उरले होते,
बाकीचे किलोवर गेले.
मालकानं नवे आकडे घातले नाहीत,
पगाराच्या वहीत जुनेच चालू होते, कोण खोडणार.
एकदा पाहणीवाला आला.
आत आवाज, उकाडा, त्याचा शर्ट पांढरा.
दारातून त्यानं दाराजवळच्या मागावरचा आकडा वाचला,
फॉर्मवर लिहिलं: माग एकोणीस.
मी डबा घेऊन उभी होते, नऊ वर्षांची.
"नायना, तो चुकला," मी ओरडले.
त्यांनी तुटलेला धागा थुंकीनं वळला, जोडला,
म्हणाले, "आत आला असता तर सांगितलं असतं."
घरी जाताना पाहणीवाल्याची नक्कल करून
मी भावाला खूप हसवलं.

दुरुस्ती तीन ओळींची.
आकडा केवढा ते बघायचं नाही,
वेगवेगळे आकडे किती, ते मोजायचं.
यंत्र पुन्हा लावलं, पंखे घुरघुरले,
पडद्यावर आलं: खोबणी दोन.
साहेबांनी प्रिंट मागितली, तारखेसकट, सहीसकट.
शेजारच्या डब्यात आभासी यंत्रं आहेत सहा,
तिथं प्रत्येक प्रोसेसर स्वतःची खोबण सांगतो,
जी कुठंच नाही.
ते उद्या.

दाराशी चपला घालताना साहेब थांबले.
"पण मॅडम, शून्य आहे, तीन आहे,
मग एक आणि दोन गेले कुठं?"
"नव्हतेच कधी," मी म्हणाले.
यंत्रापुरतं ते खरं होतं.