किती दिवस चालते

धोबीतलावला, सायकलच्या दुकानामागे,
जिन्याखाली एक माणूस मावेल एवढ्या जागेत
इनास तुस्कान हॉकी स्टिका सांधायचा.
सरसाचं भांडं, मेण लावलेला दोरा,
जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या,
कानावर पेन्सिल. ती कधी वापरलेली पाहिली नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा
माझी फाटलेली होती, मानेपाशी, उभी.
"शॉट मारताना गेली," म्हणाले.
त्यानं वास घेतला. खरंच, नाकाशी धरून.
"मोरीत ठेवतेस?"

ठेवत होते.
अँटॉप हिलची क्वार्टर, दोन खोल्या, पाच माणसं,
उभी राहील अशी तेवढीच भिंत.
"मग परवा नाही गेली.
जूनपासून जातेय. परवा तुला कळलं."

दुसऱ्यांच्याही सांगायचा, हात चालू ठेवून:
कस्टम्सच्या कुणा फुलबॅकनं हरल्यावर खांबावर आपटली
आणि अर्जात लिहिलं 'खेळताना'.
नागपाड्याच्या जमीलनं हलकी व्हावी म्हणून
इतकी तासली, इतकी तासली,
की चेंडूच तिला मारायला लागला.
एकीच्या भावानं तिनं क्रिकेट खेळलं.
तिच्याकडून त्यानं पैसे घेतले नाहीत.

"पण चालते किती दिवस, एक?"
माझा सवाल साधा होता. भत्ता महिन्याला दीडशे.
तो स्टिक पायरीवर हळूच टेकवायचा, डोळे मिटून.
टक् आलं तर सीझन निघेल.
ठप् आलं तर रविवारपर्यंत.
माझीचं काय आलं ते त्यानं सांगितलं नाही,
"जवसाचं तेल लाव," म्हणाला, "आणि मोरीतनं काढ."

आठ महिने.
मग सेमीफायनलला समोरचीनं हूक करताना हाणली
आणि खालचा तुकडा चेंडूच्याही पुढे गेला.
दाखवायला नेली तर इनास खूश:
"बघ, बघ ना, सांधा माझा शाबूत आहे!"

वरचा तुकडा आईनं ठेवून घेतला.
दाराची कडी तेव्हा ढिली होती, बाबांची बदली नागपूरला.
कोयंड्यात आडवा घातला, अगदी मापाचा बसला.
क्वार्टर सुटली, कांजूरला आलो,
नव्या दाराला तीन कुलपं, तरी आईनं
सुताराकडून दोन कोयंडे ठोकून घेतले.

आता भाची खेळते, तन्मयी. कार्बनची, अकरा हजारांची.
निळं टर्फ, त्यावर पाण्याचे फवारे,
लाकूड तिथे आठवड्यात फुगून बसेल, हे मला पटतं.
काल तिची गेली. आवाज नाही झाला,
कुणी आवंढा गिळावा तेवढाच.
आत पोकळ, कडेला काळे बारीक केस.
मी सवयीनं वास घेतला.
"मावशी, काय करतेस?" ती म्हणाली.
कशाचाच नव्हता.
धोबीतलावला जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

सकाळी बेल वाजली. अडसर काढून दार उघडलं.
कचरेवाल्या सुभद्राबाई
तन्मयीचे दोन तुकडे उलटसुलट करत उभ्या:
"ताई, हे ओल्यात टाकू की सुक्यात?"
मला सांगता येईना.
त्यांनीच मग सुक्यात टाकले,
आणि माझ्या हाताकडे बोट केलं,
"आणि ही मोडकी? द्या, घेऊन जाते."

नको, म्हटलं.
ही चालू आहे.