दांडा कुठवर यावा

तोकामाचीच्या अवजारांच्या दुकानात
नोव्हेंबर सरता सरता एक अख्खी भिंत
फावड्यांनी भरून जाते.
लाल, पोपटी, दातेरी, बोथट,
आणि कोपऱ्यात एकाला एक टेकून उभी
ती रुंद पत्र्याची सुपं,
दोन हातांनी धरायचा कमानदार दांडा,
नाव ‘मामासान डंप’.
आईबाईंचा डंप.
हे नाव कोणी ठेवलं, कधी विचारलं नाही.
हिवाळ्यात मी इथे असायचोच कुठे?

मिझुओची नावाची पोरगी कपाळावरची टोपी मागे सारून विचारते,
काका, बर्फ कसला पडतो तुमच्या दारात?
बर्फासारखा, मी म्हणतो.
ती हसत नाही.
भुसभुशीत असेल तर प्लास्टिक चालेल,
पण जानेवारीत त्याची कड उडते.
ओला असेल तर ॲल्युमिनियम.
आणि पहाटे रस्त्यावरचा नांगर
दाराच्या तोंडाशी जो बांध रचून जातो,
त्याला पोलादच.
किती वाजता येतो तुमच्याकडे नांगर?
ठाऊक नाही.
उपसलेला टाकता कुठे?
ठाऊक नाही.
दारापासून रस्ता?
अठरा पावलं.
एवढं एक उत्तर येत होतं
म्हणून जरा मोठ्यानेच दिलं.

एकतीस हिवाळे मी टोकियोच्या पोटात
आगगाडीची भुयारं खणली.
मातीचं विचार म्हणावं मला.
कुठली चिकटते, कुठली ढासळते,
ओलीचं घमेलं किती जड, झोपेतून उठवून विचार.
मिसाओ पत्रात लिहायची,
‘यंदा थोडा पडला.’
थोडा म्हणजे किती,
ते मी गावी परतेपर्यंत
वितळून भाताच्या खाचरांत गेलेलं असायचं.

या वर्षी पहिल्यांदाच डिसेंबर घरी काढणार,
आणि पर्सिमन उतरवताना
ती शिडीवरून घसरली.
मनगट प्लास्टरमध्ये.

आजवर कोण वापरायचं? पोरगी विचारते.
उंची किती त्यांची?

मी गप्प.
मग आठवलं, जुना डंप गाडीत आहे,
भंगारात द्यायला आणलेला,
तळ गंजून जाळीदार झालेला.
बाहेर जाऊन काढला.
दांड्याला दोन जागी निळी चिकटपट्टी,
बोटांखाली झिजून काळी पडलेली,
आणि मधोमध एक पोचा.
इथे मांडी लावायच्या त्या, पोरगी म्हणाली.
पोच्यावर पंजा ठेवला,
तिथून आपल्या कमरेपर्यंत नजरेनं मोजलं.
एकशे अठ्ठेचाळीस. फार तर पन्नास.

मी तो दांडा धरून पाहिला.
पोच्यापर्यंत पोचायला
गुडघ्यात वाकावं लागलं,
आणि गाड्यांच्या गर्दीत क्षणभर तसाच उभा राहिलो,
बायकोच्या उंचीचा.

मोठा घेतला. पोलादी.
तिच्या छातीशी येईल असा,
म्हणजे प्लास्टर निघालं तरी
तिच्या हाती लागायला नको.
तळाला मेणबत्ती घासा, पोरीनं सांगितलं,
बर्फ धरत नाही.

घरी मिसाओनं शेगडीच्या मेजाखालून पाय न काढता
एकदा पाहिलं.
केवढा आणलात!
भरल्यावर हलेल का तुमच्याच्यानं?

अकराव्या दिवशी पडला.
नांगर पावणेपाचला येतो. आता ठाऊक आहे.
त्याचा बांध माझ्या कमरेइतका.
मी फावड्याच्या सवयीनं
खुपसलं, भरलं, आणि उचलायला गेलो.

मागे खिडकी वीतभर सरकली.
उचलायचं नाही हो.
ढकलायचं.
मांडी लावा. मांडी.

समोरच्या होरिकोशीबाई, ऐंशीच्या पुढच्या,
आपलं दार कधीच मोकळं करून
दांड्यावर हनुवटी ठेवून बघत होत्या.
अठरा पावलांपैकी
सातव्यालाच उजाडलं.