लागणे

घणसोलीत झेरॉक्सच्या दुकानावर लोबो मॅडमचा क्लास होता.
'इन्फ्लिक्ट'ला 'ऑन' लागतं, त्या सांगायच्या,
'कॉज'ला 'टू'.
आणि 'हर्ट'ला मध्ये काहीच लागत नाही,
तो सरळ जाऊन भिडतो.
मी वहीत उतरवून घेतलं, हिरव्या पेनाने.

आज रबाळ्यात, शेड नंबर चारच्या ऑफिसात
स्क्रीनवर फॉर्म उघडा आहे.
अपघाताचे स्वरूप: इंग्रजीत, तीन ओळींत.
हिराजी भोपी, राहणार गोठिवली. पॉवर प्रेस.
उजव्या हाताची दोन बोटं.
ती माझ्या डब्यात गेली त्याच्याबरोबर,
खालच्या कप्प्यात, रसवाल्याकडच्या बर्फात.
वरच्या कप्प्यातली भेंडी टेबलावर तशीच आहे.

रिक्षात बसताना तो मलाच समजावत होता,
"काय नाय गो, जरासा लागला."

लागला.
आपल्याकडे एवढ्यावर भागतं.
डोळा लागतो, ठेच लागते, नोकरी लागते,
आग लागते,
कुणी लावली ते वाक्य विचारत नाही.

इंग्रजीला कर्ता लागतो.
साहेब खुर्चीमागे उभे राहून सांगतात,
"ही हर्ट हिज हँड. लिही. छोटं आणि स्वच्छ."
मी तपासते.
कर्ता हिराजी. कर्म हिराजीचाच हात.
काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर,
आणि इंग्रज म्हणे खरंच असंच बोलतात.
लोबो मॅडमनीसुद्धा टिक केली असती.

प्रेसचा गार्ड दसऱ्यापासून कपाटामागे टेकून ठेवलाय,
तो नसला की तासाला चाळीस पीस जास्त पडतात.
कपाट मला इथून दिसतं.
गार्डाच्या जाळीत कुणीतरी छत्री अडकवली आहे.
साहेबांच्या वाक्यात कपाट मावत नाही.

मी ते खोडते.
'इन्फ्लिक्ट' लिहिते, त्याला 'ऑन' लावते,
'ऑन'च्या पुढे हिराजी.
मग कर्सर मागे नेते, पार सुरुवातीला,
जिथे अजून कुणीच नाही.
तो तिथे उघडझाप करत राहतो.

"झालं का?" साहेब चष्मा शोधत विचारतात.
"एक शब्द लागतोय," मी म्हणते.

दारात रसवाला उभा आहे.
बर्फाचे वीस रुपये कोण देणार, विचारतोय.