चोच

रात्रीचे दोन. सान्तियागोच्या तळघरात
सूक्ष्मदर्शक दर पाच मिनिटांनी एक फोटो काढतो.
पेशी बोळाच्या तोंडाशी आली आहे.
तीन मायक्रॉनचा बोळ, सिलिकॉनमध्ये मीच कोरलेला.
आधी ती एक पाय आत घालते, चाचपते,
मग अंग पातळ करून ओतते
आणि अडते.
केंद्रक अडतं.

माल्पिकाच्या धक्क्यावर ब्रेइशोने मला दाखवलं होतं,
ऑक्टोपस कुठूनही निसटतो,
बादलीच्या झाकणाखालून, फाटक्या बुटातून,
चोच जाईल एवढी फट मिळाली की झालं.
"बाकी सगळा मऊ," तो म्हणाला,
"एवढंच काय ते टणक. म्हणून तर चावतो."

केंद्रकाला आतून जाळ्याचं अस्तर असतं.
लॅमिन हे त्या धाग्याचं नाव.
मेंदूत विरळ, हाडात दाट,
जसा ताण तशी वीण.

हे आईला फोनवर सांगितलं
तेव्हा सुई फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.
दोरिन्दा, चाळीस वर्षं जाळी सांधणारी,
बोटांवर नायलॉनचे चरे.
तिने एवढंच विचारलं, आस केवढा?
माझा निबंध तपासणाऱ्या तिघांपैकी
कुणालाही हे सुचलं नव्हतं.

डावीकडच्या ताटलीत लॅमिन काढून टाकलेल्या पेशी.
त्या अडतच नाहीत. ओल्या साबणासारख्या सुळकन पार.
नवा विद्यार्थी, शोआन, टाळी वाजवतो.
थांब, मी म्हणते, सकाळपर्यंत बघ.
पलीकडे पोचलेल्यांच्या केंद्रकातून
हिरवा उजेड गळू लागतो.
पेशी शिवते. उसवतं. पुन्हा शिवते.
चौदापैकी नऊ
गोल होऊन तरंगतात.
शोआन खिशात हात घालून उभा.

त्याला मी ब्रेइशोचं सांगितलेलं नाही.
एकच अक्षर चुकलेलं,
याच धाग्याच्या कृतीत.
दहाव्या वर्षी त्याचं कोपर सरळ होईना,
टाचा टेकेनात,
पोरं म्हणायची, नाचत चालतो.
एकोणतिसाव्या वर्षी, समुद्रावर नाही, जिन्यात,
हृदय एक ठोका विसरलं,
मग पुढचे सगळे.
डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव लिहून दिलं.
आई म्हणाली, वीण चुकली,
आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

बहात्तरावा फोटो.
उजवीकडची ती, चोच असलेली,
अजून बोळात.
केंद्रक मधोमध आवळलेलं, वाळूच्या घड्याळासारखं,
अर्धं इकडे, अर्धं तिकडे.
पुढच्या फोटोत ती नाही.
त्याच्या पुढच्यात पलीकडे आहे, अख्खी,
थोडी लांबट.

आठ वाजता आईला फोन लावते.
धक्क्यावरचे सीगल मध्येच ओरडतात.
गेली?
गेली.
किती वेळ लागला?
सहा तास.
मग जाळं धड आहे, ती म्हणते.
बराच वेळ
सुई उचलल्याचा आवाज येत नाही.