दहा वार

गोदा बाऊल म्हणजे नक्की काय,
हे वामन तांबटांना दोनदा समजावलं.
त्यांना कळलं ते एवढंच की बाऊल म्हणजे वाडगा.
त्यांनी तो तांब्याचा घडवला, घागरभर पाणी मावेल असा,
काठाला द्राक्षाची वेल ठोकली
आणि बजावलं : पाणी ठेवून बघा, गळलं तर परत आणा.
ज्यात पाणी राहत नाही त्याला मी भांडं म्हणत नाही.

माझं काम साखळी धरायचं.
रोहिदास शिरसाठ ओहायोहून परतलेला,
ओझरला विमानांचे पंख जुळवायचा,
एका संध्याकाळी मेन रोडवरच्या आमच्या दुकानात आला.
दहा वार मोजता येतात?
म्हटलं, रोज नऊवारी मोजतो,
एका वारानं काय हात दुखणार आहे!
झोपाळ्याची पितळी साखळी सोडवली,
कड्या मोजल्या, दोन टोकांना दोन काठ्या.
चार डावांत दहा वार पुढे सरकायचं.
बाकी नियम मला अजून माहीत नाहीत.
माणसं पडत, उठत, गोल करून कुजबुजत,
आणि पुन्हा पडायला जात.

पहिल्या वर्षी कोलंबो. प्रेक्षक चाळीस,
त्यातले सहा रसवंतीवाल्याचे.
भगूरच्या तालमीतले दोघे पैलवान
चेंडूकडे न बघताच माणसं चीत करत होते.
आपण जिंकलो. पेपरात बातमी आली,
शीर्षकात फुटबॉल, फोटो हॉकीचा.

दुसऱ्या वर्षी ढाक्याचे सातच जण पोचले,
बाकीच्यांचा व्हिसा अडकला.
आपण त्यांना चार खेळाडू उसने दिले
आणि त्या चौघांनीच आपल्याला हरवलं.

तिसऱ्या वर्षी गारपीट.
बावीस हेल्मेटांवर गारा वाजल्या,
तांबट आळी मैदानात उतरल्यासारखी.
खेळ थांबला तेव्हा कोण पुढे होतं
यावर रोहिदास आणि केदा आहेर अजून बोलत नाहीत.
वाडगा त्या वर्षी कोणाचाच नव्हता, माझ्या गल्ल्याशेजारी होता.
द्राक्षं निर्यात करणारे आमचे प्रायोजक
बागेतून फोन करत होते, पण आवाज येत नव्हता.

चौथं वर्ष. काठमांडू.
शेवटचा मिनिट, चौथा डाव,
सुरगाण्याचा जयराम भोये चेंडू पोटाशी धरून
तिघांना अंगावर घेऊन पडला.
पंचांनी हात केला. मी साखळी घेऊन धावलो.
ताणली.
तीन बोटं कमी.
जयराम पडल्या जागेवरून माझ्याकडे बघत होता,
पंचांकडे नाही.
पेम्बाने वाडगा डोक्यावर पालथा घातला, सगळे हसले,
आपलेही.

मग सिंहस्थ आला, मैदान वाहनतळाला गेलं.
पाचव्या वर्षाची पोस्टरं छापून तयार होती,
त्यांच्या पाठीवर रोहिदासच्या मुलीने गणितं सोडवली.
गोदा बाऊल बंद झाला असं कोणी म्हटलं नाही.
फक्त पुढच्या वेळी कोणी विचारलं नाही.

साखळी परत झोपाळ्याला लावताना
सहज दुकानातला जुना लोखंडी वार लावून बघितला.
कड्या बरोबर होत्या.
टोकाचा आकडा मोजायचा राहिला होता.
चार बोटं.
चारही वर्षं, दोन्हीकडचे, सगळेच
दहा वारांसाठी थोडं जास्त धावले होते.
न्यायाने बघितलं तर अन्याय कोणावरच नाही.
पण शेवटचा डाव जयरामचा होता.

पेम्बाने मागे एक फोटो पाठवला :
गच्चीवर वाडगा, काठोकाठ पाणी, एक चिमणी.
वामन तांबटांना दाखवला. ते म्हणाले, गळत नाही ना?

जयराम आता सातपूरला एका कंपनीत गेटवर असतो.
परवा पोरीच्या परकराला कापड घ्यायला आला.
दोन वार सांगितलं, मी मोजलं,
कात्री लावायच्या आधी चार बोटं पुढे सरकलो.
त्याने बघितलं. जास्त झालं, म्हणाला.
असू दे, म्हटलं,
धुतल्यावर आटतं.