पोच

सकाळी सातला डाकेची थैली येते,
साडेनवाला परत जायला हवी.
तेवढ्यात व्हिएन्ना आळस देऊन उठते
आणि मी, वेन्त्सेल, मेणबत्तीवर सुरी तापवून
परक्यांची लाख उचलतो,
खपली निघावी तशी, अख्खी.

अकरा वर्षं.
कुणाच्या खजिन्यात खडखडाट,
कुठला तह थंडी संपताच मोडणार,
कुणाची धाकटी कुणाबरोबर पळाली.
बायको विचारते, आज काय केलंस?
नकला, मी म्हणतो.

आज सार्डिनियाच्या वकिलाचा लखोटा.
घोड्यांचे भाव, गुडघ्याची तक्रार,
आणि तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात:
'उघडणाऱ्या गृहस्था,
मागच्या खेपेला तुमची वात काजळली होती,
कोपऱ्यावर डाग राहिला.
गारठा फार आहे. बोटं जपा.'

सुरी हातातच निवली.
पलीकडे क्राइलसाहेब घड्याळाला किल्ली देत होते.

सगळं उतरवून घेतलं,
घोड्यांच्या दातांसकट.
तळाच्या ओळी तेवढ्या राहू दिल्या.
नवी लाख ओतली, मोहोर दाबली,
आणि साहेबांची पाठ वळल्यावर
वातीवर फिरवलेलं बोट
कोपऱ्यावर टेकवलं.