शिसं

श्वास रोखून धर, रियाद. हां, सोड.

पडद्यावर खुब्याच्या सांध्यात ती अजून तिथंच,
फक्त कडा विरघळलेल्या,
पेपरमिंटची गोळी तोंडात घोळवावी तशा.

नऊ वर्षांपूर्वी, हॅनोव्हर पार्कच्या टॅक्सी-थांब्यावर
शिरली तेव्हा भोक करंगळीएवढं.
आत आतडं सात ठिकाणी फाटलेलं.
सहा महिने पोटावर पिशवी.
सर्जन म्हणाले, हिला राहू दे,
काढायला गेलो तर पाय जाईल.

राहिली. भाडं न देता.
समुद्राकडून वारा सुटला की ठणकायची, एवढंच.

आता पोटात कळा येतात.
मुलीचं नाव ओठावर येऊन अडतं.
किटली उचलताना मनगट लुळं पडतं.
रक्ताच्या रिपोर्टात
शिशाच्या आकड्याखाली कुणीतरी दोनदा रेघ मारलीय.

मी पंचवीस वर्षं केप टाउनची हाडं बघतेय.
मला वाटायचं, गोळी एकदाच लागते.

तो शर्टाची बटणं लावतो,
एक चुकवतो, परत पहिल्यापासून.
"सिस्टर, ज्यानं झाडली
तो मार्चात सुटला.
त्याला कुणी कळवतं का,
की अजून चालू आहे?"